सेगेदची मिरची आणि आतड्याचं दुखणं

हंगेरीच्या दक्षिणेला, तिसा नदीच्या काठी सेगेद हे शहर आहे. मिरची तिथे पोहोचली ती तुर्कांच्या अमलात, सोळाव्या शतकात. त्याच शतकात पोर्तुगीज गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला उतरली. दोन्हीकडे ती परकी, अमेरिकेतून आलेली. आणि दोन्हीकडे आज तिच्यावाचून चूल पेटत नाही. सेगेद आणि कालोचा ही हंगेरीतली मिरचीची दोन मोठी ठिकाणं. १८५९ च्या सुमारास सेगेदच्या पाल्फी बंधूंनी मिरचीतल्या शिरा आणि बिया काढून टाकून मवाळ पूड करण्याची रीत बसवली. तिखटपणा खरं तर बियांत नसतोच, बिया ज्या पांढरट शिरांना धरून असतात त्या शिरांत असतो. त्या हातानं सोलाव्या लागत. चैत्र-वैशाखात संकेश्वरी मिरचीचे देठ खुडून ती डंकावर नेणाऱ्या आमच्या गडहिंग्लजकडच्या बायकांना हातांची ती आग समजावून सांगायला नको. रात्री झोपतानाही हात भगभगत असतात, आणि विसरून डोळ्याला बोट लागलं की संपलंच.

मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. सेगेद माझ्या ओळखीचं झालं ते एका शोधनिबंधामुळे, आणि त्या निबंधाशी मी इतकी वर्षं चिकटून राहिले ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. तिला क्रोन्स आहे, आतड्याला वारंवार सूज येऊन जखमा होण्याचा आजार. आतड्याच्या दाहाच्या या आजारांत दुखणं वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा हात किती, हा प्रश्न आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत विचारला जातो. त्याचं मूळ सेगेदच्या मिरचीत आहे, आणि ते पुरेसं कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

इंग्लंडमध्ये जॉन थ्रेश यांनी १८७६ मध्ये मिरचीतलं तिखट द्रव्य वेगळं केलं आणि त्याला कॅप्सेसिन हे नाव दिलं. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, एन्द्रे होग्येश या हंगेरियन वैद्यानं मिरचीच्या अर्काचे प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला की हे द्रव्य मुख्यतः संवेदी मज्जातंतूंवर काम करतं. होग्येश तेव्हा कोलोझ्वारच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धानंतर ते शहर रुमानियात गेलं आणि १९२१ मध्ये ते विद्यापीठ बाडबिस्तरा घेऊन सेगेदला आलं. मिरचीवर काम करणारं विद्यापीठ मिरचीच्या गावात येऊन वसलं, हा निव्वळ योगायोग. पण फळाला आलेला. तिथेच अल्बर्ट सेंट-ग्योर्जी यांनी स्थानिक मिरच्यांतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळवलं आणि १९३७ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. सेगेदची ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. माझ्या मते तिथलं दुसरं काम त्याच तोलाचं आहे.

ते केलं मिक्लोश यान्चो यांनी. जन्म १९०३, मृत्यू १९६६. औषधशास्त्राचे प्राध्यापक. १९४० च्या दशकात त्यांना दिसलं ते असं. उंदराला किंवा गिनी पिगला कातडीखाली कॅप्सेसिनची इंजेक्शनं वाढत्या मात्रेनं दिली तर सुरुवातीला प्राणी कळवळतो. पण काही मात्रांनंतर त्याला त्याचं काहीच वाटेनासं होतं. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. यान्चोंनी पुढे पाहिलं की या प्राण्याच्या डोळ्यात आता मिरचीचं पाणी टाकलं तरी तो डोळा पुसत नाही. दुसरं कुठलंही झोंबणारं रसायन टाकलं तरी पुसत नाही. मात्र डोळ्याला नुसता स्पर्श केला तर पापणी तत्काळ मिटते. म्हणजे सगळी संवेदना मेलेली नाही. रसायनांची आग ओळखणारे तेवढे तंतू वेगळे आहेत, आणि मिरचीनं नेमके तेवढेच गप्प केले आहेत. शरीरातल्या कोट्यवधी तंतूंमधून एकच जात निवडून काढणारं हत्यार त्यांच्या हाती लागलं होतं.

त्यापुढची पायरी मला सगळ्यात मोठी वाटते. मोहरीचं तेल कातडीवर चोळलं की कातडी लाल होते, सुजते. हा दाह. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांच्या मते तो घडवतात रक्तवाहिन्या, पांढऱ्या पेशी आणि हिस्टामिनसारखी द्रव्यं. मज्जातंतूंनी फक्त मेंदूला वर्दी द्यायची. यान्चोंनी उंदराच्या रक्तात निळा रंग सोडला. जिथे दाह होतो तिथे रक्तवाहिन्या पाझरतात आणि कातडी निळी पडते, त्यामुळे दाह डोळ्यांना दिसतो. मिरचीनं बधिर केलेल्या उंदराला मोहरीचं तेल लावलं, तर कातडी निळी पडेना. दुसऱ्या काही उंदरांत त्यांनी त्या भागाचा संवेदी तंतू कापला. कापल्या कापल्या तेल लावलं तर दाह नेहमीसारखाच झाला. काही दिवस जाऊ दिले, कापलेल्या तंतूची कातडीतली टोकं झडून गेली, आणि मग दाह होईनासा झाला. याचा अर्थ मेंदूशी संबंध असो वा नसो, तंतूची टोकंच स्वतःतून काहीतरी बाहेर सोडतात आणि दाह पेटवतात.

१९६० मध्ये त्यांनी यातलं काही लिहिलं ते अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका रुग्णालयाच्या पत्रिकेत. ती कितीजणांच्या हाती पडली असेल? पूर्ण पुराव्यासह निबंध ब्रिटिश औषधशास्त्राच्या नियतकालिकात आला तो १९६७ मध्ये. यान्चो तोवर गेले होते. निबंधावर त्यांच्या नावामागे दोन नावं आहेत, पत्नी आणि सहकारी ऑरांका यान्चो-गाबोर यांचं आणि विद्यार्थी यानोश सोल्चानी यांचं. त्या दोघांनी हे काम धरून ठेवलं नसतं तर आज आपण कुठल्या मुद्द्यावर उभे असतो, मला कल्पना करवत नाही. १९७७ मध्ये ऑरांकाबाईंचं नाव आणखी एका निबंधावर दिसतं, गाबोर यान्चो यांच्याबरोबर. नवजात उंदराला कॅप्सेसिन दिलं तर हे तंतू कायमचे नष्ट होतात, असं त्यात दाखवलं होतं. आतड्याच्या आजाराच्या अभ्यासाला पुढे हीच युक्ती कामी आली.

यान्चोंच्या आधी कुणाला काहीच दिसलं नव्हतं असं नाही. १८७६ मध्ये व्हिएन्नात सालोमोन श्ट्रिकर यांनी कुत्र्याच्या पाठीच्या कण्याजवळची संवेदी मुळं विजेनं उत्तेजित केली आणि त्याच्या पायातल्या रक्तवाहिन्या फुलल्या. संवेदी तंतू आतून बाहेर काही नेऊ शकतात हे त्या काळच्या मंडळींना पटेना. १९०१ मध्ये लंडनला विल्यम बेलिस यांनी तो प्रयोग काटेकोरपणे करून श्ट्रिकर बरोबर असल्याचं सिद्ध केलं. हेच बेलिस, ज्यांनी आपले सहकारी स्टार्लिंग यांच्यासोबत आतड्याच्या पुढे सरकणाऱ्या लाटांचा नियम मांडला आणि सिक्रिटिन हे संप्रेरक शोधलं. आतडं आणि उलट्या दिशेनं बोलणारे तंतू, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. ते एकत्र यायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षं जायची होती.

तंतूंची टोकं जे सोडतात त्यातलं पहिलं द्रव्य मात्र आतड्यातूनच मिळालं. १९३१ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडमधल्या हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत स्वीडनहून आलेला तरुण उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूचा आणि आतड्याचा अर्क काढला. सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर तो घातला की तुकडा आवळे, ॲसिटिलकोलिनला अडवणारं ॲट्रोपिन देऊनही आवळे. म्हणजे हे ॲसिटिलकोलिन नव्हतं, वेगळंच काही होतं. त्याला नाव पडलं सबस्टन्स पी.

असाच प्रयोग माझ्या पिढीच्या शिक्षकांच्या हाताखालून गेलेला आहे. गिनी पिगच्या लहान आतड्याचा बोटाएवढा तुकडा टायरोडच्या कोमट द्रावणात टांगायचा, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, वरचा दोरा तरफेला बांधायचा. कायमोग्राफच्या ड्रमवर काजळी धरलेला कागद. औषधाचा थेंब पडला की तुकडा आक्रसतो आणि तरफेचं टोक काजळीत पांढरी रेघ ओढत वर चढतं. आमचे प्रयोगशाळेतले मामा कागद धुरावर धरण्यात इतके तरबेज होते की कुठे जाड-पातळ थर पडत नसे. नंतर तो कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायचा, मगच तो जर्नलला लावता येई. शरीरापासून तोडलेलं, मेंदूशी कसलाही धागा न उरलेलं आतडं समोर तासन्तास स्वतःच्या बळावर हालत असतं. हे पाहिलेला विद्यार्थी आतड्याला निव्वळ नळी समजणार नाही. आता हे प्रात्यक्षिक संगणकाच्या पडद्यावर होतं. प्राण्यांचे हाल वाचले याचं मला समाधान आहे. ती थरथरणारी रेघ मुलांना डोळ्यांनी दिसत नाही याचं वाईटही वाटतं.

सबस्टन्स पी नेमकं काय आहे हे कळायला चाळीस वर्षं लागली. अमेरिकेत सुझन लीमन गायींच्या मेंदूतून वेगळंच संप्रेरक शोधत होत्या. त्यांच्या अर्कानं उंदरांच्या तोंडाला लाळ सुटू लागली आणि त्या लाळेचा माग काढत गेल्यावर हाती लागलं ते हे जुनं द्रव्य, अकरा अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९७१ मध्ये तिची रचना ठरली. १९८० च्या दशकात दुसरं द्रव्य सापडलं, सीजीआरपी. रक्तवाहिन्या रुंदावण्यात त्याची बरोबरी करणारी द्रव्यं फार थोडी. यान्चोंच्या उंदरांच्या कातडीत जे घडत होतं त्यातल्या मुख्य द्रव्यांची नावं आता कळली होती.

इकडे आजाराचा इतिहास अगदी वेगळ्या रस्त्यानं चालला होता. १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी एका मृत स्त्रीच्या आतड्यातल्या जखमांचं वर्णन केलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या दुसऱ्या आजाराच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक तिथून धरतात. ग्लासगोच्या केनेडी डॅल्झील यांनी १९१३ मध्ये जाड, कडक झालेल्या आतड्याचे काही रुग्ण नोंदवले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी चौदा रुग्णांची हकीकत छापली आणि आजाराला क्रोन यांचं नाव चिकटलं.

कारण सापडत नव्हतं, म्हणून कारण मनात शोधलं गेलं. १९३० मध्ये सेसिल मरे यांनी कोलायटिसच्या रुग्णांच्या मनःस्थितीवर निबंध लिहिला, पुढे शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनोकायिक आजारांच्या यादीत कोलायटिसला जागा दिली, आणि दोन-तीन दशकं रुग्णाचा स्वभाव, त्याची आई, त्याची भीती हेच तपासलं जात राहिलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत काही शल्यचिकित्सकांनी या रुग्णांचा व्हेगस मज्जातंतू कापून पाहिला. मनातला क्षोभ आतड्यापर्यंत पोहोचवणारा रस्ताच तोडावा, हा विचार. व्हेगसमधले सुमारे ८० टक्के तंतू उलट आतड्याकडून मेंदूकडे जातात, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगत असे. जे कापलं ते बहुतांशी आतड्याचं बोलणं होतं.

माझ्या बहिणीला हा वारसा पुरेपूर भोगावा लागला. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. पोटात मुरडा, जुलाब, वजन उतरलेलं. आधी आंव म्हणून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या, मग आतड्याचा क्षय म्हणून कित्येक महिने एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं. यात मी डॉक्टरांना दोष देत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून पाहूनही सहज वेगळे ओळखता येत नाहीत, दोघांचीही आवडती जागा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, आणि क्षयाच्या रुग्णाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर जिवावर बेततं. त्यामुळे आधी क्षयाचे उपचार करून पाहणं हा शहाणपणाच होता. निदान झालं, औषधं लागू पडली, सूज उतरली.

माझा राग आहे तो त्यानंतरच्या वर्षांवर. कोलोनोस्कोपी स्वच्छ, रक्तातले आकडे चांगले, आणि तरी तिचं पोट दुखे. वर्गात फळ्याकडे तोंड करून ती कळ जाईपर्यंत उभी राही. मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या तज्ज्ञानं रिपोर्ट बघून सांगितलं, "आतडं एकदम छान आहे बाई, आता दुखणं तुमच्या डोक्यात आहे. टेन्शन घेऊ नका, तिखट सोडा." तिनं तिखट सोडलंच होतं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, मी खोटं बोलते असं वाटतं का गं तुला?" औषधशास्त्राची प्राध्यापक असून मला तेव्हा तिला देण्यासारखं शास्त्रीय उत्तर सुचलं नाही. मी फक्त म्हणाले, "नाही गं."

उत्तर तयार होत होतं. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅट्रिक मँटिह आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेली कोलायटिस आणि क्रोन्सच्या रुग्णांची आतडी तपासली. सबस्टन्स पी जिथे जाऊन चिकटतं त्या जागा या आतड्यांतल्या लहान रक्तवाहिन्यांवर आणि लसिका गाठींत अफाट वाढलेल्या होत्या. संवेदी तंतूंचा शब्द ऐकायला आजारी आतडं कान टवकारून बसलेलं होतं. साहजिकच वाटलं की तंतूंचं तोंड बंद केलं की दाह शमेल.

तेव्हा सेगेदची युक्ती आतड्यावर वापरली गेली. १९८९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी उंदरांचे संवेदी तंतू कॅप्सेसिननं आधीच निकामी केले आणि मग रसायन घालून मोठ्या आतड्यात दाह निर्माण केला. दाह कमी व्हायला हवा होता. तो वाढला, जखमा जास्त खोल गेल्या. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांनीही हेच दाखवलं आणि राखण करणारं मुख्य द्रव्य सीजीआरपी असल्याचं पुढे आलं. कातडीत दाह पेटवणारे तंतू आतड्यात त्याला आवर घालत होते. पण गोष्ट इतकी सरळही राहिली नाही. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं कॅप्सेसिन जिथे चिकटतं तो ग्राही, टीआरपीव्ही-१, शोधून काढला (२०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा आहे), आणि २००३ मध्ये तो ग्राही रोखणारं औषध दिल्यावर उंदरांमधला कोलायटिस सौम्य झाल्याचं छापून आलं. तंतू मारला तर दाह वाढतो, त्याचा एक ग्राही अडवला तर कमी होतो. मला यात विसंगती वाटत नाही. घरचा राखणदार कुत्रा जसा चोरावरही भुंकतो आणि बिथरला तर घरच्यांनाही चावतो, तसं या तंतूंचं आहे. कुणी चिथावलं, किती वेळ, कुठल्या जागी, यावर सगळं अवलंबून.

त्याच सुमारास लंडनमध्ये माणसांच्या आतड्यांचे तुकडे पाहिले जात होते. २००१ मध्ये दाह झालेल्या आतड्यात टीआरपीव्ही-१ असलेले तंतू वाढल्याचं दिसलं. आणि २०१० मध्ये नेमका माझ्या बहिणीचा प्रश्न घेतला गेला: दाह शमलेला, दुर्बिणीत आतडं स्वच्छ, तरी पोट दुखतं असे रुग्ण. त्यांच्या आतड्यात हे तंतू न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले, आणि दुखण्याची तीव्रता तंतूंच्या संख्येशी जुळत होती. आग विझल्यावरही तारा दाटच राहिल्या होत्या. दुर्बिणीला श्लेष्मल त्वचेचा पृष्ठभाग दिसतो, त्याखालचे तंतू दिसत नाहीत. तो निबंध मी छापून घेतला आणि पुढच्या भेटीत बहिणीच्या हाती दिला. तिनं आकृत्यांवर बोट ठेवून एकेक गोष्ट समजून घेतली, मग पुढच्या तपासणीला तो फाइलला लावून नेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं तो खरोखर वाचला आणि दुखण्यासाठी, दाहाच्या औषधांहून वेगळं, थोड्या मात्रेचं औषध सुरू केलं. गुण आला. पूर्ण नाही, पण ती आता वर्गात मुलांकडे तोंड करून उभी असते.

२०२२ मध्ये अमेरिकेतून दोन निबंध आले. हार्वर्डच्या आयझॅक च्यू यांच्या गटानं दाखवलं की दुखणं ओळखणाऱ्या तंतूंची टोकं आतड्यातल्या श्लेष्मा बनवणाऱ्या पेशींना जवळजवळ टेकलेली असतात. तंतूंनी सीजीआरपी सोडलं की त्या पेशी श्लेष्मा ओततात आणि आतड्याच्या भिंतीवर जिवाणूंना अडवणारा थर जाड होतो. तंतू नसलेल्या उंदरांत हा थर पातळ आणि कोलायटिस तीव्र. न्यूयॉर्कच्या डेव्हिड आर्टिस यांच्या गटाला हे तंतू गप्प केल्यावर आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीच बदलल्याचं आढळलं, आणि अशा उंदरांना सबस्टन्स पी दिल्यावर आतड्याचं रक्षण झालं. १९८८ मध्ये ज्याच्याकडे संशयानं पाहिलं तेच द्रव्य.

हे वाचून कुणी ठेचा खायला सुरुवात करू नये. प्रयोगशाळेतली मात्रा आणि ताटातली मिरची यांची तुलना होत नाही, आणि सूज असताना तिखटानं त्रास होणाऱ्यानं ते टाळणंच बरं. मला काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. अर्धशिशीसाठी सीजीआरपी अडवणारी औषधं २०१८ पासून बाजारात आहेत. ती उत्तम आहेत, कितीतरी बायकांचे आठवड्यातले दिवस त्यांनी परत मिळवून दिले आहेत. त्यातल्या एका औषधावर तीव्र बद्धकोष्ठतेचा इशारा छापलेला असतो. हे द्रव्य डोक्याइतकंच आतड्यातही कामावर असतं याची ती खूण. क्रोन्स आणि अर्धशिशी दोन्ही असलेली बाई आता बाह्यरुग्ण विभागात दोन वेगळ्या खोल्यांत जाते, एकीकडे डोक्याची फाइल, दुसरीकडे पोटाची. डोक्याचं औषध लिहिणाऱ्यानं तिला पोटाबद्दल विचारावं, आणि पोटाच्या डॉक्टरनं "दुखतं का" हा प्रश्न कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट उघडण्याच्या आधी विचारावा.